गोव्यात लिफ्ट मागायची तर पुढच्या तिठ्यापुरती मागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरहून तुम्ही आणि धाकटी बहीण सहा दिवसांसाठी येताय, दुचाकीचं लायसन्स दोघांकडेही नाही, टॅक्सी परवडत नाही. तर नुसत्या लिफ्टवर गोवा फिरता येईल का, कुठे उभं राहायचं, पैसे द्यायचे का, आणि बहीण बरोबर असताना हे करावं का?

येईल. फक्त बसला पूर्ण फाटा द्यायचा हट्ट सोडा, आणि लिफ्ट म्हणजे एकाच गाडीत बसून इकडून तिकडे जाणं ही कल्पनाही सोडा. मी डिचोली तालुक्यात राहतो. भजनी मंडळांच्या आणि देवळांच्या वाजवायच्या पेट्या (हार्मोनियम) दुरुस्त करणं हा माझा धंदा. गाडी चालवायला कधी शिकलो नाही, आणि पेट्या बिघडतात त्या बहुतेक अशा वाड्यांवर, जिथे बस दिवसातून मोजक्याच वेळा येते. त्यामुळे खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवून रस्त्याच्या कडेला उभं राहणं हा माझ्या कामाचाच भाग झालाय. पुढे लिहितोय ते त्या अनुभवावरचं. हिमाचल किंवा युरोपात लिफ्ट घेत फिरणाऱ्यांचे सल्ले इथे फारसे लागू पडत नाहीत.

कारण साधं आहे. गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम १०५ किलोमीटर. इथला माणूस स्कूटरवर असतो आणि त्याचं रोजचं जाणं-येणं पाच-दहा किलोमीटरचं: घर ते कचेरी, घर ते बाजार, घर ते फॅक्टरी. म्हापशात उभं राहून "मडगाव?" असं विचारलंत तर समोरचा मान हलवून निघून जाणार, कारण तो खरंच मडगावला चाललेला नाही. त्यालाच "गिरीपर्यंत?" असं विचारा, तो म्हणेल बस. शिवाय अनोळखी माणसाला तासभर मागे बसवायची कोणालाही धास्ती वाटते, दहा मिनिटं मात्र कोणीही सहन करतो. म्हणून पुढच्या तिठ्यापुरतं मागायचं, तिथे उतरायचं, पुन्हा मागायचं.

एक रस्ता उदाहरणादाखल सांगतो. म्हापशाहून तेरेखोलचा किल्ला पाहायला जायचंय. "तेरेखोल" हा शब्द तोंडातून काढायचाच नाही. शहराच्या गर्दीतून चालत बाहेर पडून शिवोलीच्या रस्त्याला लागा आणि शिवोली मागा. शिवोलीहून पुलापलीकडे चोपडें मागा. तिथे रस्ते फुटतात, एक मोरजीकडे आणि एक मांद्रे-हरमलकडे. तेव्हा उतरल्यावर आधी योग्य फाट्यावर चालत जा, मगच हात करा. मग मांद्रे, हरमल, केरी. केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडली की तेरेखोल, आणि किल्ल्याची चढण पायी. वाचायला हे किचकट वाटतं, पण यातला प्रत्येक तुकडा स्थानिक माणसाच्या रोजच्या वाटेवरचा आहे, म्हणून कोणी ना कोणी थांबतो.

केरी म्हणताना तालुका जोडून बोला. पेडण्यात केरी आहे, सत्तरीत केरी आहे, फोंड्यातही आहे. तिस्कचंही तसंच, फोंड्याचं तिस्क वेगळं आणि उसगावचं वेगळं. बाहेरचा माणूस फोनवर नाव टाकतो, नकाशा भलतीच केरी दाखवतो, आणि लिफ्ट देणारा बिचारा मोरजीच्या वाटेवर चोर्ला घाटाचा पत्ता ऐकून गोंधळतो.

आता उभं राहण्याबद्दल. चौपदरी झाल्यापासून ६६ नंबरच्या महामार्गावर गाड्या अशा वेगात असतात की थांबायचं मनात आलं तरी थांबता येत नाही. मधोमध कुठेतरी उभं राहून हात हलवणं धोक्याचं आणि निरुपयोगी. गाडी जिथे आपसूकच मंदावते तिथे उभं राहायचं: गतिरोधकाच्या पुढे दहा पावलं, सर्व्हिस रोड महामार्गाला मिळतो त्याच्या अलीकडे, सर्कलमधून बाहेर पडणाऱ्या तोंडाशी, पण वळणावर नाही. थांबणाऱ्याला गाडी बाजूला घ्यायला जागा लागते. मागून बस हॉर्न मारत असेल तर देव माणूसही थांबणार नाही.

उत्तरेत करासवाडा, गिरी, धारगळ. पणजीच्या आसपास मेरशी आणि बांबोळी. फोंड्याच्या बाजूला म्हार्दोळ आणि बाणस्तारी. दक्षिणेत कुठ्ठाळी, वेर्णा, कुंकळ्ळी, आणि काणकोणात चावडी. ही ठिकाणं ध्यानात ठेवा. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं मोठं इस्पितळ, असल्यामुळे गोव्याच्या प्रत्येक तालुक्यातली माणसं तिथे येतात आणि संध्याकाळी आपापल्या गावी परततात, हे तिथलं वैशिष्ट्य. पण तिथून बाहेर पडणारा माणूस कुणाला तरी दवाखान्यात ठेवून निघालेला असतो. त्याने मान हलवली तर दुसऱ्यांदा विचारू नका, आणि थांबलाच तर गप्पा त्याने सुरू केल्या तरच मारा.

बसथांब्याच्या छपराखाली उभं राहू नका. आत उभा माणूस बसची वाट पाहतोय असंच सगळे धरून चालतात. थोडं पुढे उभं राहा, म्हणजे बस आली तर तीही पकडता येते. आणि बस आली की चढा! दहा-वीस रुपयांत ती तुम्हाला पुढच्या मोठ्या गावी सोडते. लिफ्ट मिळवायची म्हणून समोरून जाणारी बस सोडणारे काही हौशी मी पाहिलेत. त्यांना पुढे उन्हात उभे असलेलेही पाहिलेत.

काही जागा चुकूनही निवडू नका. टॅक्सी स्टँडसमोर, हॉटेलच्या दारात, विमानतळाच्या गेटवर खासगी गाडीला हात करू नका. गोव्यात टॅक्सीवाल्यांचा विषय गेली कित्येक वर्षं तापलेला आहे. खासगी गाडी बाहेरच्या माणसाला उचलते आहे असं दिसलं की विचारपूस सुरू होते, आणि त्यात तुमच्यापेक्षा लिफ्ट देणारा जास्त अडकतो. दोनशे-तीनशे पावलं चालून मुख्य रस्त्यावर या. कळंगुट-बागा-कांदोळीचा पट्टाही मी वगळतो. तिथे अर्धी वाहतूक पाहुण्यांची, उरलेली अर्धी वैतागलेली.

फेरीबोट हा मात्र लिफ्टवाल्याचा सोन्याचा धक्का. रायबंदर-चोडण, जुने गोवे-दिवाडी, केरी-तेरेखोल. रस्त्यावर तुम्हाला पाहून निर्णय घ्यायला गाडीवाल्याकडे दोन-तीन सेकंद असतात. फेरीत त्याने इंजिन बंद केलेलं असतं, हेल्मेट काढून तो पाण्याकडे बघत असतो, आणि तुम्ही शेजारी उभे असता. त्याला तुमचा चेहरा नीट दिसतो, तुम्हाला त्याचा. दोन वाक्यं बोलून मग विचारा. फक्त फेरी पलीकडे टेकायच्या आत विचारा. फळी खाली पडली की सगळी वाहनं एकदम सुटतात आणि दोन मिनिटांत धक्का रिकामा होतो.

गाडी कोणती निवडावी हे नंबरप्लेटवरून कळतं, आणि या कलेला वेळ द्या. पांढरी पाटी, काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. आपल्याला हवी ती हीच. पिवळी पाटी म्हणजे भाड्याची: टॅक्सी, रिक्षा, आणि मोटरसायकल असेल तर पायलट. पायलट ही गोव्याची जुनी सोय आहे. पुढचा मडगार्ड पिवळा असतो, माणूस परवानाधारक असतो आणि पैसे घेतो. तो थांबला म्हणून लिफ्ट मिळाली असं समजून मागे बसाल आणि उतरताना नुसतं हसाल तर भांडण होईल, आणि ते भांडण रास्त असेल. भाडं आधी ठरवून खुशाल जा. अंधार पडत असताना पायलटचे पैसे वाचवू नयेत. तिसरी पाटी काळी, त्यावर पिवळी अक्षरं: पाहुण्याला स्वतः चालवायला भाड्याने दिलेली गाडी. ती सोडून द्या. चालवणाऱ्याला रस्ता माहीत नसतो, हात बसलेला नसतो, आणि दुपारनंतर पोटात काय गेलंय ते सांगता येत नाही.

पांढऱ्या पाटीवरचा आकडा वाचायला शिका. जीए-०३ बार्देशची (म्हापशाच्या तालुक्याची), जीए-०४ डिचोलीची, जीए-०५ फोंड्याची, जीए-०६ वास्कोची, जीए-११ पेडण्याची. पणजीला ०१ आणि ०७, मडगावला ०२ आणि ०८. माणूस आता नोकरीसाठी कुठेही राहतो, त्यामुळे हे अगदी अचूक नसतं. पण संध्याकाळी पणजीहून बाहेर पडणारी जीए-०५ बहुधा फोंड्याच्या बाजूला घरी चाललेली असते. सीमेपलीकडच्या पाट्या तर आणखी उपयोगी. एमएच-०७ म्हणजे सिंधुदुर्ग. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडची कितीतरी मुलं रोज मोटरसायकलने गोव्याच्या कारखान्यांत येतात आणि रोज परत जातात. करासवाडा, तुये किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीबाहेर शिफ्ट सुटायच्या वेळी उभे राहा. मागची सीट रिकामी असलेल्या एमएच-०७ गाड्यांची रांगच लागते. मराठी ऐकलं की थांबणारे हेच. केए-२२ बेळगावची, केए-३० कारवारची; काणकोणाहून पोळेच्या दिशेने जाताना ही दुसरी पाटी शोधा.

हात कसा करायचा? अंगठा दाखवला तर कॉलेजजवळच्या पोरांना कळतो. इतर ठिकाणी हात आडवा करून तळवा खाली ठेवून हळू हलवायचा, गाडीवाल्याच्या डोळ्यांत बघून. गॉगल काढा, कानातलं काढा, फोन खिशात ठेवा. हात उंच करून जोरात हलवलात तर अपघात झालाय असं वाटून लोक थांबतात आणि लिफ्ट हवी आहे हे कळल्यावर चिडतात. बस थांबली आणि तुम्हाला नको असेल तर हाताने "पुढे" अशी खूण करा. कंडक्टर काहीतरी पुटपुटेल, मनावर घेऊ नका.

दुसऱ्या हातात हेल्मेट हवं. माझ्या मते अर्धं काम हे एकटं हेल्मेट करतं. मोटार वाहन कायद्याप्रमाणे मागे बसणाऱ्यालाही ते लागतं, आणि पुढे पोलीस उभे असतील तर दंड आपल्याला बसेल या भीतीने चांगला माणूसही थांबत नाही. हातात हेल्मेट दिसलं की ती भीती संपते, आणि हा नेहमीचा लिफ्टवाला आहे, नियमाने बसणारा आहे, एवढं त्याला न बोलता समजतं. कोल्हापूरहून दोघांची दोन आणा. ओझं वाटेल, पण आणा.

गाडी थांबली की लगेच आपलं ठिकाण सांगायचं नाही. आधी विचारायचं, "खंय वता?" तुमच्या मराठीत "कुठे चाललात दादा?" म्हटलंत तरी चालतं, इथे सगळ्यांना कळतं. हा क्रम महत्त्वाचा आहे. तो उत्तर देतो तेव्हा तुम्हाला त्याचा आवाज ऐकू येतो, जीभ जड आहे का कळतं, वास येतो. नको वाटलं तर "अरे, मला दुसऱ्या बाजूला जायचंय" म्हणून सुटता येतं. आधीच आपलं गाव सांगून बसलात तर "चल, मी तिकडेच चाललोय" याला उत्तर उरत नाही. माणूस ठीक वाटला, तर त्याच्या वाटेवरचा तिठा सांगा आणि तिथेच उतरवायला सांगा. उतरताना "देव बरें करूं" म्हणा. हिंदू-ख्रिश्चन दोघांच्याही तोंडी हे असतं.

उतरायची जागा चढायच्या आधी ठरलेली हवी. म्हापशाला वळसा घालून पुढे जायचं असेल तर बाजारात उतरू नका, तिथून बाहेर पडतानाच दम निघतो. करासवाड्याला किंवा गिरीला उतरा. पर्वरीहून कारने पणजीला येत असाल तर बसतानाच विचारा, अटल सेतूवरून की खालच्या पुलावरून? २०१९ मध्ये सुरू झालेला हा सेतू पाच किलोमीटरचा आहे, मध्ये उतरता येत नाही, आणि मडगाव-फोंड्याकडे जाणारी कार पणजीत न शिरता वरूनच निघून जाते. मग पणजीला पोचायला तुम्ही मेरशीहून उलटे येता. सेतूवर दुचाकी-तिचाकींना बंदी आहे, त्यामुळे स्कूटरवर असाल तर हा प्रश्नच नाही.

मागे बसणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. "बसू?" असं विचारून, त्याने पाय टेकून गाडी तोलली की डाव्या बाजूने बसा. मोटरसायकलचा सायलेन्सर बहुधा उजवीकडे असतो. अर्ध्या चड्डीत त्या बाजूने चढणाऱ्याच्या पोटरीवर त्याची खूण वर्षभर राहते. पाठीवरची पिशवी पाठीवरच ठेवा, पट्टे आवळा, लोंबणारं काही नको. धरायचं ते मागच्या दांडीला, त्याच्या खांद्याला नाही. तो वळणावर झुकेल तेव्हा तुम्ही उलट्या बाजूला झुकू नका, नुसते त्याच्याबरोबर राहा. फोनवर बोलू नका, व्हिडिओ काढू नका. पावसात मागे बसून छत्री उघडायची नाही, हे मी वेगळ्या ओळीत लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. वारा छत्रीत शिरला की गाडी तुमच्या हातात जाते, चालवणाऱ्याच्या नाही. जून ते सप्टेंबर येणार असाल तर पँटसकट रेनकोट आणा. ओल्या माणसाला कोणी मागे घेत नाही, रेनकोटवाल्याला घेतात.

गप्पांचं म्हणाल तर गोंयकार आधी तुमचं गाव विचारतो, मग कोणाकडे आलात ते. खरं सांगा. मासळीचा भाव, पाऊस, देवळातली जत्रा, फुटबॉल हे विषय चालतात. दारू स्वस्त कुठे मिळते हे विचारू नका, जमिनीचा भाव तर मुळीच विचारू नका. बाहेरच्यांनी जमिनी घेण्यावरून इथे माणसं मनातून दुखावलेली आहेत. आणि मराठी की कोकणी हा वाद स्कूटरच्या मागच्या सीटवरून मिटवायला जाऊ नका. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून तो मोठ्या-मोठ्यांकडून मिटलेला नाही.

पैसे. दुचाकीवाल्याला देऊ नका, पुढे करूही नका. त्याला अपमान वाटतो, आणि कायद्याचाही प्रश्न आहे. खासगी गाडीत भाडं घेऊन माणूस नेणं म्हणजे परवान्याशिवाय धंदा. फुकट लिफ्ट देणं गुन्हा नाही, पण नोट हातात दिसली की ते पोलिसाला पटवत बसावं लागतं. २०१८ साली ऐरोलीजवळ माणसांना लिफ्ट दिली म्हणून एका कारवाल्याला दंड झाल्याची बातमी बरीच गाजली होती. तेव्हापासून काही गाडीवाले बिचकतात, ते चूक नाहीत. पोलिसाने थांबवलं तर सरळ सांगा, "ओळख नाही, लिफ्ट दिली, पैसे नाहीत." आम्ही मावसभाऊ आहोत वगैरे नाटक करू नका. लांबच्या कारप्रवासात वाटेत चहा-भजी तुमच्या खर्चाने करा, तेवढं पुरतं.

विम्याचं कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. गाडीला नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मागे फुकट बसलेला माणूस त्यात धरला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका खटल्यात हे स्पष्ट केलंय. पॅकेज पॉलिसी असेल तर गोष्ट वेगळी. रस्त्यावर उभं राहून कोणाला पॉलिसी दाखव म्हणता येत नाही, तेव्हा निघण्याआधी स्वतःचा अपघात विमा काढून घ्या.

वेळेचं गणित असं. सकाळी साडेसातपासून साडेनऊपर्यंत लोक पणजी, म्हापसा, मडगाव, फोंड्याकडे ओढले जातात. संध्याकाळी साडेपाचनंतर सरकारी कचेऱ्या आणि कारखाने सुटले की उलट. तुम्हीही त्याच प्रवाहात जा. सकाळी शहरातून आतल्या गावाकडे निघालात तर समोरून भरलेल्या गाड्या येताना दिसतील आणि तुमच्या बाजूचा रस्ता रिकामा असेल. दुपारी एक ते चार गोवा झोपतो, दुकानंसुद्धा बंद. तेव्हा जेवा, देवळात बसा, नदीकाठी बसा, पण रस्त्यावर उभे राहू नका. शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो. दुपारपर्यंत पिशव्या भरून गावाकडे परतणाऱ्या स्कूटर भरपूर, पण पुढे पिशव्या, मागे पिशव्या, तुम्हाला जागा कुठे देणार? रविवारी बस कमी आणि कामावर जाणारे नाहीत, तो दिवस एकाच गावात काढावा. साष्टीत (मडगावच्या तालुक्यात) मात्र रविवारी सकाळी मिस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटल्यावर चर्चसमोरून माणसं चारी दिशांना जातात.

जत्रेचा दिवस अपवाद. गाव एकाच दिशेने चाललेलं असतं आणि जत्रेला निघालेल्याला कोणी नाही म्हणत नाही. रात्री देवळासमोर नाटक असतं, मराठी नाटक, पहाटेपर्यंत चालतं. ते संपल्यावर आपल्या वाड्याकडे जाणाऱ्यांबरोबर परतता येतं, कारण तोवर पाच-सहा तास शेजारी बसून ओळख झालेली असते. एरवी आतल्या गावांत साडेसात-आठनंतर बस मिळणं कठीण आणि लिफ्ट मागणं शहाणपणाचं नाही. किनाऱ्याच्या पट्ट्यात तर रात्री कोणाच्याच मागे बसू नका, तो कितीही सरळ उभा दिसला तरी.

आता तुमच्या बहिणीचं. इथे माझ्यापेक्षा माझ्या बायकोचं ऐका. ती सत्तरीत शाळेत शिकवते. आतल्या शाळांवरच्या शिक्षिकांना बसच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून लिफ्ट त्यांच्या रोजच्या जगण्यात आहे. तिचे नियम असे. एकटी असेल तेव्हा ती फक्त बाईच्या स्कूटरला हात करते, आणि गोव्यात बायका इतक्या गाड्या चालवतात की फार थांबावं लागत नाही. पुरुषाची गाडी घ्यायचीच तर दोघी मिळून, आणि कुटुंबाची कार असेल तर. बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढून घरी पाठवायचा, तोही लपवून नाही, "घरी कळवते हं" असं तोंडावर सांगून. सज्जन माणसाला त्याचं काही वाटत नाही. ज्याला वाटतं त्याच्या गाडीत बसायचं नाही. फोन चार्ज असावा आणि ११२ लक्षात असावा.

तुम्ही दोघे असल्यामुळे अडचण वेगळी येणार. स्कूटरवर मागे एकच जागा. तिघे बसायचे नाहीत, कोणी आग्रह केला तरी. मग एक जण आधी आणि एक मागाहून असं करावं लागतं, आणि बहिणीला अनोळखी पुरुषाच्या मागे बसवून तुम्ही रस्त्यावर उरणं मला पसंत नाही. बाईच्या स्कूटरवर तिला पुढे पाठवा, भेटायची जागा म्हणून पुढच्या तिठ्यावरचं चहाचं दुकान किंवा देऊळ ठरवा, "बसथांब्यावर" असं मोघम नको. बाकी वेळी दोघांनी कार शोधा किंवा सरळ बस धरा.

परतताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. चोर्ला, मोले-अनमोड, दोडामार्ग, पत्रादेवी, कोणत्याही वाटेने गोव्याबाहेर जाणारी गाडी नाक्यावर तपासली जाते, आणि बांद्याजवळ इन्सुलीचा नाका तर त्यासाठीच ओळखला जातो. तुमच्या पिशवीत परवान्याशिवाय नेलेली एक बाटली सापडली तर गाडीही अडकते. ज्याने उपकार केले त्याच्या गाडीवर जप्तीची वेळ आणणं हे पाप आहे. तसंच "हे पार्सल पलीकडे देशील का" म्हणणाऱ्याचं पार्सल घेऊ नका. घाटरस्त्यांवर दुपारी तीननंतर नवी लिफ्ट घ्यायची नाही हा माझा नियम. चोर्ल्याच्या जंगलात गाडी बिघडली तर फोनला रेंज मिळेलच असं नाही. ट्रकवाले कधी कधी आपणहून विचारतात. मालवाहू गाडीत प्रवासी बसवायची परवानगी नसते, म्हणून मी ते टाळतो. पहाटेच्या मासळीच्या टेम्पोचं तर कायद्याआधी नाकच सांगतं.

सहा दिवस कसे वाटायचे? पेडण्यात दोन, सत्तरी-डिचोलीत दोन, दक्षिणेत दोन. दक्षिणेत मडगाव ते काणकोण बसनेच जा, करमल घाटाच्या वळणांवर थांबायला जागा नाही. चावडीला उतरल्यावर पाळोळे-आगोंदसाठी लिफ्ट मागा. नेत्रावळीला जायचं मनात असेल तर मडगावहून सकाळच्या बसने सांगेपर्यंत पोचा आणि तिथून पुढे हात करा; आतल्या रस्त्याला गाड्या थोड्या असतात, पण आलेली गाडी सहसा थांबते. सत्तरी-डिचोलीत साखळी, होंडा, वाळपई अशा उड्या घ्या. रेल्वेने येत असाल तर थिवीला उतरा. स्टेशनच्या दारात हात करू नका, मुख्य रस्त्यापर्यंत चालत या. गणेश चतुर्थीचे दिवस मात्र टाळा. तेव्हा गोंयकार मूळ घरी गेलेला असतो, स्कूटरच्या मागे बायको आणि मांडीवर माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या सजावटीचं) सामान असतं, आणि बसचे ड्रायव्हरही आपल्या गावी असतात.